पेठेतला जुना वाडा, नवा करून विकायला काढलाय – घ्यावा का, आणि आधी काय काय तपासावं?

माजघर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडी लांबण लागेल तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या दिरांना पुण्यात पेठेत वाडा घ्यायचाय. पडका नाही, पूर्ण दुरुस्त करून, अगदी नटवून विकायला काढलेला. त्यांचा चिंचवडचा शेड विकला गेला, पैसे आलेत, आणि फ्लॅटमध्ये आता जीव रमत नाही म्हणतात. "वहिनी, तू वाड्यात वाढलीस, तू बघून सांग" म्हणून गेल्या रविवारी मला घेऊन गेले. वाड्याचं नाव, गल्ली आणि आकडा इथे लिहीत नाही, मालकांनी तशी विनंती केलीय. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एवढं पुरे.

बाहेरून बघितल्यावर खरं सांगते, गळा दाटून आला. काळ्या दगडाचं जोतं, मोठा दरवाजा, त्यात दिंडी दरवाजा, वाकूनच आत जायचं, आत दोन्ही बाजूंना देवड्या आणि मग चौक. चौकाच्या चारी बाजूंनी सोपे म्हणजे उघड्या ओसऱ्या, सागवानी खांब, त्यांच्यावर सुरूच्या झाडासारखं कोरलेलं काम, विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाला आहे ना तसं, तेवढं भारी नाही पण त्याच घराण्यातलं. वर महिरपी, त्याच्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. लाकूड इतकं पॉलिश केलंय की तांबूस झळाळी आलीय. चौकावर काचेचं छप्पर घातलंय आणि खाली सगळीकडे एसी. वरच्या मजल्यावर पाच बेडरूम, प्रत्येकीला अटॅच्ड बाथरूम, त्यातल्या एकीत मोठा टब. लिफ्ट आहे. माजघरात मॉड्युलर किचन.

आणि त्या माजघराच्या भिंतीत बळद तसंच ठेवलंय. आता त्याला काचेचं दार आणि आत दिवे लावलेत. आमच्या वाड्यात असंच बळद होतं, धान्याचं, आजी मला त्यात उतरवायची तळाचे गहू काढायला. मी सहज आत हात घातला तर तळाच्या फटीत बोटाला बारीक राखाडी माती लागली, पिठासारखी मऊ. एवढं चकाचक केलेल्या घरात ती माती कुठून आली कळलं नाही. एजंट म्हणाला राहिली असेल साफसफाईत.

आम्ही स्वतः भाडेकरू होतो, मालक नव्हे, हेही सांगते. दोन खोल्या, महिना अकरा रुपये भाडं, चौकातला नळ सात बिऱ्हाडांत एक. १९९६ ला आमचा वाडा पाडला, तिथे आता पाच मजली बिल्डिंग आहे. त्यामुळे एक उभा वाडा बघितला की मला डोक्याने विचार करताच येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. कामाची दुरुस्ती खरी आहे की नुसता रंग, हे कसं ओळखायचं? कागदपत्रं काय बघायची? आणि मुळात घ्यावा का?

चुनागच्ची

माजघरताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते, वाडे बरेच हाताखालून गेलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी भिंत बघा. वाड्याच्या भिंती पातळ, चपट्या पेशवाई विटांच्या आणि चुन्यातल्या असतात, वरच्या मजल्यावर लाकडी सांगाडा आणि मध्ये वीट किंवा माती भरलेली. ही भिंत श्वास घेते असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही. जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जाते. त्याच्यावर कोणी सिमेंटचा गिलावा मारला आणि वरून प्लास्टिक पेंट फासला की ती ओल बाहेर पडायची बंद होते. मग ती जाते कुठे, तर भिंतीत गाडलेल्या लाकडाकडे. तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक आतल्या आत कुजतं आणि बाहेरून तुम्हाला फक्त छान गुळगुळीत भिंत दिसते. पहिली दोन-तीन वर्षं काही कळत नाही, आणि नेमका त्याच काळात असा वाडा विकला जातो.

ओळखायचं कसं? जिन्याखाली, माळ्यावर, स्विचबोर्डाच्या मागे, जिथे पेंटवाल्याने टाळाटाळ केलेली असते तिथे किल्लीने ओरखडा काढा. चुना पांढरट पिवळसर निघतो आणि नखाने सुद्धा थोडा खरवडला जातो, सिमेंट करडं आणि टणक असतं. उघड्या गिलाव्यावर पाण्याचे चार थेंब टाका, चुना ते पिऊन टाकतो. शिवाय मालकांना सरळ विचारा की चुना कुठून आणला. ज्याने खरं काम केलंय तो माणूस ह्या प्रश्नाने खूष होतो आणि अर्धा तास बोलतो. कळीचा चुना विरवून कितीतरी दिवस पाण्यात मुरवावा लागतो, मग वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली) दळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, कुठे मेथी नाहीतर उडीद, तडे जाऊ नयेत म्हणून तागाचे तुकडे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला महिने लागतात. ज्याने हे सगळं केलं तो दर खेपेची तारीख सांगेल. ज्याने पिशव्या फोडून काम उरकलं तो "सगळं हेरिटेज पद्धतीने केलंय मॅडम" एवढंच म्हणेल.

आता तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींनी मला खरंच काळजी वाटली. एक, चौकावरची काच. चौक हा वाड्याचं धुराडं आहे, गरम हवा तिथून वर जाते आणि सोप्यांतून गार हवा आत ओढली जाते. वर काच घातली की दुपारी ती भट्टी, मग एसी, मग एसीच्या गारव्याने लाकडावर दव. काचेला चारी बाजूंनी हवा जायला फट ठेवलीय का बघा. आणि चौक झाकायला महापालिकेची मंजुरी घेतलीय का तेही, कारण झाकलेला चौक हा बांधकामात धरला जाऊ शकतो.

दुसरं, वरच्या मजल्यावरच्या पाच बाथरूम. पूर्वी न्हाणीघर मागच्या बाजूला, जमिनीवर, दगडी फरसबंदीत असायचं, ते सोवळ्यासाठी असेल नाहीतर कशासाठी, पण त्याने लाकूड वाचायचं. आता तुमच्या कडीपाटाच्या डोक्यावर पाच जागी रोज पाणी सांडणार. खालून कडीपाटाला कुठे काळपट डाग, पांढरी बुरशी किंवा ताजा जास्तीचा पॉलिश दिसतोय का ते टॉर्च घेऊन बघा, बाथरूमच्या बरोबर खाली उभं राहून.

अष्टप्रहर

चुनागच्ची यांच्या प्रतिसादाला +१. त्यात आगीचं घाला. शनिवारवाडा १८२८ ला जळाला, कित्येक दिवस धुमसत होता, विश्रामबागचा काही भाग आणि बुधवारवाडा १८७९ च्या आगीत गेला. लाकडाचं घर आहे, वायरिंग पत्र्याच्या किंवा लोखंडी नळीतून नेलंय का नुसतं लाकडाला क्लिपा मारून, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि त्या गल्लीत बंब शिरतो का हे पायी चालत बघा.

देशस्थकाका

मी कागदाचं बोलतो, चाळीस वर्षं वकिली मिळकतींचीच केली.

ताई, वाड्याच्या भिंतीपेक्षा वाड्याचे वारस जास्त खोलवर असतात. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा आणि त्यावरच्या सगळ्या जुन्या नोंदी वाचा, नुसतं आजचं नाव नको. पेठेतल्या वाड्याला तीन पिढ्यांत वीस-पंचवीस हिस्सेदार ही रोजची गोष्ट आहे, त्यातला एक अमेरिकेत, एक वारलेला, एकीचं लग्न होऊन नाव बदललेलं. मुलींचे हक्क विशेष तपासा. १९५६ चा वारसा कायदा आणि त्याची २००५ ची दुरुस्ती, ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, त्यानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची. "आत्याने तोंडी सोडलंय" हे मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं, त्याची किंमत शून्य. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणायचं. मिळकतीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हे वकिलाकडून करून घ्या आणि तो वकील तुमचा असू द्या, एजंटने सुचवलेला नको.

मग भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, म्हणून तर ताईंचं भाडं अकरा रुपये राहिलं. त्या अकरा रुपयांत मालक कौल सुद्धा बदलू शकत नव्हता, आणि भाडेकरूला हुसकता येत नव्हतं, म्हणून वाडे सडत गेले. १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा ३१ मार्च २००० पासून आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली, पण तोवर फार उशीर झाला होता. तर तुमच्या ह्या वाड्यात शेवटचे भाडेकरू कोण होते, ते कसे गेले, त्यांनी ताबा सोडल्याचे नोंदणीकृत कागद आहेत का, सगळे मागवा. कोर्टात एखादा दावा पडून असेल तर घर घेणाऱ्याच्या गळ्यात येतो.

हेरिटेज यादीत नाव असेल तर कोणत्या श्रेणीत आहे हे महापालिकेच्या हेरिटेज कक्षात विचारा. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात परवानगीने थोडं थोडं. आणि यादीतल्या मिळकतीचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, आधीच विकून खाल्लाय का हेही बघा, कारण मग तुम्ही घेताय ते फक्त घर, पुढे त्या जागेवर वाढीव बांधकामाचा विचार कायमचा सोडा.

निंबोणी

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझी आई लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आली. चौकातून पाणी भरायचं, सामाईक संडासला पहाटे चारला रांग, माजघरात दिवसा दिवा लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसायचे नाहीत. बाळंतिणीची खोली तर विचारूच नका. आई आत्ताही वाड्याचा फोटो दाखवला तर म्हणते, माझी कंबर तिथे राहिली. आता तेच घर पॉलिश करून कोट्यवधीला विकतात आणि आम्ही सगळे उसासे टाकतो. घ्या जरूर, पण दिरांच्या घरातल्या बायकांनी होकार दिलाय का, एवढं एक विचारा. उंबरठे उंच, जिने उभे आणि अरुंद, म्हातारपणी काय करणार?

माजघर

निंबोणी, राग कसला, अगदी खरं बोललीस. माझ्या आईचंही हेच. आम्ही वाडा सोडला त्या दिवशी मी रडत होते आणि आई नवीन फ्लॅटच्या बाथरूममध्ये नळ उघडून नुसती बघत उभी होती. जाऊबाईंना विचारलं, त्या म्हणतात लिफ्ट आहे आणि संडास आत आहे तर चालेल, मात्र पावसाळ्यात एकदा राहून बघायचंय. शहाणी बाई आहे.

काका, तुमच्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. भाडेकरू कसे गेले हे मी विचारलंच नव्हतं, आणि मी स्वतः भाडेकरूची मुलगी! सोमवारी मालकांना फोन केला. त्यांनी सांगितलं चार बिऱ्हाडं होती, तिघांना जागा घेऊन दिल्या, चौथ्या आजी शेवटपर्यंत तिथेच राहिल्या, त्या गेल्यावरच काम सुरू केलं. कागद दाखवायला तयार आहेत. बोलण्यात काही लपवाछपवी वाटली नाही.

पटाशी

माझे पणजोबा आणि आजोबा सुतार. अशा वाड्यांचीच कामं केली. आजोबा सांगायचे की ज्या दरवाजाची दिंडी त्यांनी स्वतः बसवली त्यातून काम संपल्यावर त्यांना कधी आत बोलावलं नाही, मजुरी ओट्याखाली उभं राहून घ्यायची. वाड्याचं कौतुक चाललेलं असतं तेव्हा ज्यांनी तो रचला त्यांचंही नाव निघावं असं वाटतं, म्हणून लिहिलं. आता कामाचं सांगतो.

माजघरताई, ती राखाडी माती साफसफाईत राहिलेली नाही. वाडा नारायण पेठेत नदीच्या अंगाला आहे म्हणताय, तर तो बहुतेक पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचा गाळ आहे. १२ जुलै १९६१. त्या भागात पाणी घराघरात शिरलं होतं, आणि बळदात शिरलेला गाळ पूर्ण कधीच निघत नाही, वाळून फटीत बसतो. आजोबांनी पुरानंतर दोन वर्षं नुसते खांबांचे पाय बदलायचं काम केलं.

तर खांबांचे पाय बघा. खांब जमिनीत पुरत नाहीत, खाली दगडी तळखडा असतो आणि त्याच्यावर खांब उभा. पुरात तळखडा आणि खांब यांच्यामध्ये पाणी-गाळ राहिला असेल तर लाकूड खालून वर कुजतं, वरून सागवान ठणठणीत. चांगला सुतार कुजलेला भाग कापून खाच पाडून जुन्याच सागाचा तुकडा जोडतो, सांधा दिसतो आणि तो दिसायलाच पाहिजे. कंजूष काम असेल तर लांबी (पुट्टी) भरून पॉलिश. हातोडीच्या मागच्या लाकडी दांड्याने खांबाला गुडघ्याच्या उंचीपासून खाली ठोकत या. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ असेल तर भद्द आवाज येतो, कानाला शिकवायची गरज पडत नाही. आणि ओळंबा न्या. प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी सोडा. अर्धा इंच कललेला जुना खांब चालतो, तो कोयनेच्या भूकंपात सुद्धा तसाच उभा राहिलेला असेल, पण सगळे खांब एकाच दिशेला कलले असतील तर वरचा भार सरकतोय.

तळखड्याभोवती फरशी नवीन असेल तर ती सिमेंटने खांबाला चिकटवलीय का बघा. बहुतेक ठिकाणी हाच घोटाळा असतो. ओल सुटायला जागाच ठेवत नाहीत.

मांडवीकर

बडोद्याहून लिहितोय, इथेही मराठी घरांचे वाडे होते, आमचा आता नाही. पटाशी यांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. वाळवीचंही बघा, जमिनीत भोकं पाडून औषध सोडल्याची पावती मागा.

चुनागच्ची

पटाशी, तुमच्या आजोबांबद्दल वाचून थांबले जरा. आम्ही आर्किटेक्ट लोक फाईलवर सही करतो, खांब वाचतो तो तुमच्या घरच्या हातांनी. फरशीचा मुद्दा माझ्या सुटला होता, शंभर टक्के बरोबर.

माजघर

अपडेट देते, थोडं मोठं आहे.

शनिवारी पुन्हा गेलो. दीर, जाऊबाई, मी, आणि आमच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी, त्यांनी शिवाजीनगरला आणि वाईला जुनी कामं केलीत. मालकही आले होते. एजंटला जरा बाजूला बसवलं.

किल्लीने माळ्यावर ओरखडा काढला, पांढरट. वरच्या दोन खोल्यांत, जिन्यात, सोप्याच्या मागच्या भिंतीत सगळीकडे चुना. गवंडीबाबांनी बोट ओलं करून भिंतीला लावलं, मग जिभेला लावलं, आणि म्हणाले गूळ आहे. जिभेला कळतं का खरंच, मला माहीत नाही, पण त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. मालकांना चुनागच्चीताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला की चुना कुठून आणला, आणि खरंच, ते अर्धा तास बोलत होते, टाकीतल्या चुन्याचे फोनवरचे फोटो दाखवले, पावसात काम सहा महिने थांबवलं त्याची गोष्ट सांगितली. जीव लावून केलंय त्यांनी, हे मला मान्यच करायला पाहिजे.

पण खाली घोळ निघाला. जोत्यापासून साधारण माझ्या कमरेएवढं, चौकाच्या भोवती सगळीकडे करडा टणक गिलावा. मालक म्हणाले, तळाशी सारखी ओल येऊन चुना गळत होता म्हणून शेवटी कंत्राटदाराने तेवढा भाग सिमेंटने केला, "मजबूत होईल" म्हणून. ओल जिथे सगळ्यात जास्त तिथेच बूच मारून ठेवलं.

मग खांब. चौकात सोळा आहेत. पटाशीदादा, तुम्ही म्हणालात तसंच हातोडीचा दांडा घेऊन दीर एकेका खांबापाशी बसले. पहिले सात खणखणीत. मला इतका आनंद होत होता, प्रत्येक आवाजाला मान हलवत होते मी. आठव्याला, तो माजघराच्या दाराजवळचा, बळदाच्या बाजूचा, दांडा मारला आणि आवाजच आला नाही, म्हणजे भद्द. खाली पॉलिशवर सुतारी पटाशीचं टोक दाबलं तर आत गेलं, लोण्यात जावं तसं, आणि पॉलिशखालून लांबी निघाली आणि लांबीमागून तीच राखाडी माती. मालक स्वतः खाली बसून बघत होते, त्यांना हे माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दहावा आणि अकरावाही तसेच. बाकीचे तेरा चांगले आहेत. तीनही नादुरुस्त खांब नदीकडच्या एकाच बाजूला आहेत, आणि फरशी तिन्हींना सिमेंटने चिकटवलेली आहे.

जाऊबाई म्हणाल्या, सोडून देऊ या. दीर गप्प. मी पण गप्पच होते. मग गवंडीबाबा म्हणाले की सोळातले तीन पाय गेले म्हणजे घर गेलं असं नाही, धिरे म्हणजे तात्पुरते टेकू देऊन, वरचा भार उचलून पाय बदलता येतात, त्यांच्या उमेदीत त्यांनी कितीतरी बदललेत, आत्ता सापडलं हेच नशीब, चार पावसाळ्यांनी सापडलं असतं तर तुळई बसली असती.

तर सध्या ठरलंय ते असं. खरेदीखत लगेच नाही. मालकांनी मान्य केलंय की तीन खांबांचे पाय जुन्या सागाने बदलायचे, फरशी तळखड्यापासून मोकळी करायची, कमरेपर्यंतचं सिमेंट काढून पुन्हा चुना करायचा, आणि काचेच्या छपराला चारी बाजूंनी हवा जायला फट ठेवायची. ह्या कामाचा निम्मा खर्च किमतीतून वजा. हे सगळं लेखी, काकांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या वकिलाकडून. मालकांच्या आत्याबाईंचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, मी स्वतः वाचलं. दिवाळीनंतर जाऊबाई आठ दिवस तिथे राहून बघणार, पावसाळा तर आता पुढच्या वर्षीच मिळेल, त्यांनी त्याला होकार दिलाय.

एक गोष्ट मालकांकडे मी मागितली आणि ते हो म्हणाले. बळदातले दिवे काढायचे, काच काढायची, पण तळातली ती माती तशीच राहू द्यायची.

आता मदत हवीय. जुन्या वाड्यांचा साग कुठे चांगला मिळेल? जुन्या बाजारात एकदा जाऊन आले, तिथे चौकटी-दारं मिळाली पण खांबाला लागेल एवढा जाड तुकडा नव्हता.

पटाशी

ताई, भवानी पेठेत टिंबर मार्केटला चक्कर टाका, तिथे पाडलेल्या घरांचं लाकूड येतं. घेताना वजन हातात धरून बघा, जुना साग नव्यापेक्षा जड लागतो, आणि टोकावर रंधा एकदा फिरवून वास घ्या, तेलकट वास आला पाहिजे. खिळ्यांची भोकं असलेला घेऊ नका, पायाच्या तुकड्याला तरी नको.

धिरे लावायच्या दिवशी मला कळवाल का? आजोबांचा उचकटणीचा लोखंडी स्क्रू अजून घरात आहे, तुळई उचलायला तेच वापरायचे. घेऊन येतो.

माजघर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर त्यात आहे. नक्की या. आणि दिंडीतूनच आत या, जेवायला.